माडांकडची शिवण

पाकळी निघत नव्हती. देवेशने तिच्यावरून ब्रश फिरवला तशी ती उलट जास्तच दबली आणि पूलवरच्या निळ्या कव्हरला अंगभर चिकटून बसली. शेजारच्या ओल्या पाकळ्या साबणाच्या पाण्याबरोबर मुकाट्याने वाहून गेल्या होत्या, ही एकटीच राहिली होती. तो गुडघ्यांवर बसला आणि नखाने तिची कड उचलायला गेला. बोगनवेलीची पाकळी म्हणजे खरं तर पाकळी नव्हेच, रंग चढलेलं पान. कॉलेजात पहिल्याच वर्षी हे शिकल्यावर त्याला कितीतरी दिवस कोणीतरी फसवल्यासारखं वाटत राहिलं होतं. नख लागताच ती फाटली. अर्धी त्याच्या बोटावर आली, अर्धी कापडावरच राहिली. पाणी भरपूर असलं की पाकळी घसरते. पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा उरला की ती धरून राहते. तोही सुकला की तिच्या कडा वळतात, मग वाऱ्याचीसुद्धा गरज लागत नाही, ती आपल्याच वजनाने सुटते. म्हणजे कुठली आधी पडणार हे लावणाऱ्याचं बोट ठरवू शकतं. हे काही त्याला आज कळलेलं नव्हतं. तरी तो बोटावरच्या त्या ओल्या जांभळ्या तुकड्याकडे बघत राहिला, आणि नेमकं तेव्हाच हॉटेलच्या काउंटरवरच्या पल्लवीने व्हरांड्यातून हाक मारली.

"देवेश, उद्या सकाळी आबा येतायत. नारळ ठेवायला. योगेशबाब म्हणाले, कव्हर लख्ख पाहिजे."

"लख्खच आहे."

"आहेच रे. एवढ्या मायेने कोणी स्वतःचे कपडे धूत नाही. ह्या ताडपत्रीशीच तुझं लग्न लावून टाकायला हवं."

"ताडपत्री नाही ती."

"बघ, सासरच्या माणसांना लगेच राग आला," म्हणत ती हसत आत गेली. ती सावंतवाडीकडची, बोलणं थट्टेचं, मनात काही नाही. देवेश मात्र बसल्या जागी बसून राहिला. उद्या. इतक्या महिन्यांत हा शब्द असा समोर येऊन उभा राहिला नव्हता. आबा येणार हे त्याला पावसाळाभर ठाऊक होतं, पण ते येणं कुठल्या तरी लांबच्या दिवसात होतं, आणि लांबच्या दिवसात काहीही करता येतं.

मोरजीच्या किनाऱ्यावरचं हे हॉटेल मे महिन्याच्या अखेरीला बंद व्हायचं आणि दसऱ्याच्या सुमाराला उघडायचं. मधले महिने स्विमिंग पूल ह्या कव्हरखाली झोपलेला असायचा. जाड प्लास्टिकचा लेप दिलेलं निळं कापड, चारी कडांना शिवलेले पट्टे, पट्ट्यांच्या टोकांना स्प्रिंगा, आणि त्या स्प्रिंगा काठावरच्या फरशीत ठोकलेल्या पितळी खुंट्यांना अडकवलेल्या. पावसात कव्हरच्या मधोमध पाणी साठे, कव्हर पोट सुटल्यासारखं खाली येई. ते पाणी रोज लहान पंपाने उपसायचं. सुरूच्या काड्या, माडाचा मोहर, कावळ्यांनी टाकलेली माशांची हाडं ओली असताना उचलायची नाहीत, वाळू द्यायची आणि मग झाडायची, नाहीतर डाग बसतात. शेवाळ धरलं तर सौम्य साबण आणि मऊ ब्रश. ब्लीचिंग लावायचं नाही, तारेचा ब्रश लावायचा नाही, कव्हर ओढत न्यायचं नाही. हे सगळं मुंबईहून आलेल्या विक्रेत्याने सांगितलं होतं आणि मग बूट घालून तो स्वतः कव्हरवरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून गेला होता. हॉटेलचे मालक योगेशबाब, त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. देवेश त्या दिवशी खाली वाकून पट्टे बघत होता. माणसाचं वजन कापड धरत नाही, पट्टे धरतात; आणि पट्टा तरी काय, तो कापडाला जोडणारी शिवण धरते. कुठल्याही वस्तूकडे बघताना ती कुठे तुटेल हे आधी बघायची त्याला सवय होती. तुयेच्या फॅक्टरीत तपासनीस होता तेव्हा ह्या सवयीचं कौतुक होई.

तुयेची नोकरी सोडून तो इथे आला तेव्हा आई दारात बसून कोकमाची सोलं उन्हात पसरत होती. तिने मान वर केली नाही. "पेडण्यात दुसरी कामां नाय काय तुका? गोकुळदासाच्या झिलाकडेच व्हयी?" ती म्हणाली. समुद्राची हवा बरी, असं काहीतरी त्याने सांगितलं. आईने एक सोल उचलून उलटं केलं. "हवा," ती म्हणाली, आणि त्या एका शब्दात त्याला काय समजायचं ते समजलं. पण तेव्हा त्याचं त्यालाच नीट ठाऊक नव्हतं. फक्त जवळ जायचं होतं. जखमेच्या खपलीशी माणसाचा हात जातो तसं.

कामाच्या पहिल्याच आठवड्यात योगेशबाबांचे वडील गोकुळदास, ज्यांना हॉटेलात सगळे आबा म्हणत, त्याला दिसले. पांढरा शर्ट, पांढरं धोतर, पायात रबरी चपला, कपाळावर उभं गंध. म्हातारे झाले होते, पण वाळलेल्या माणसासारखे हलके आणि चपळ. त्यांनी देवेशला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तू विठ्ठलाचो मरे?" देवेशने हातातला ब्रश खाली ठेवला. इतकी वर्षं त्याने ह्या प्रश्नाची, त्यानंतर समोरच्या चेहऱ्यावर जे काही उमटेल त्याची वाट पाहिली होती. "होय," तो म्हणाला. "बरो मनीस," गोकुळदास म्हणाले. "पाण्यात हात बरो होतो तेचो. नशिबान बिचारो..." आणि वाक्य अर्धंच टाकून ते माळ्याला जास्वंदीबद्दल काहीतरी सांगायला वळले. चेहऱ्यावर काहीच उमटलं नव्हतं. त्या दिवशी देवेशला पहिल्यांदा कळलं की आपण ज्याच्याकडून काही घ्यायला आलो आहोत त्या माणसापाशी ती गोष्टच शिल्लक नाही. ती सबंध आपल्याच घरात राहिली आहे.

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्या मे महिन्यातली गोष्ट. भिंतींवर कोकणीच्या आणि मराठीच्या घोषणा एकमेकींवर रंगवलेल्या होत्या, शाळेच्या कुंपणापासून देवळाच्या पायरीपर्यंत माणसं भाषेवरून हमरीतुमरीवर येत होती, आणि त्या सगळ्या गदारोळात देवळाच्या तळीतले मासे एका पहाटे मरून वर आले. देवेश तेव्हा शाळेत होता. तळी त्याच्या बापाकडे होती. म्हणजे ती साफ ठेवायचा मान त्यांच्या घराचा होता, आज्यापासून चालत आलेला. विठ्ठल रोज सकाळी बांबूच्या टोपलीने शेवाळ काढी, पायऱ्या घाशी, गणपतीच्या आधी गाळ उपसे. त्या वर्षी गाळ उपसायला हवा, पाणी हिरवं होतंय, दोन माणसं द्या, असं तो शिमग्यापासून देवस्थानच्या मंडळींना सांगत होता. गोकुळदास त्या मंडळींत पुढे होते. बघूया, म्हणाले. मग वळिवाचं मळभ धरलं, वारा पडला, आणि पहाटे तळीभर पांढरी पोटं तरंगत होती. देवेशला अजून तो वास आठवतो. कुजल्याचा नव्हे, त्याच्या आधीचा, भिजलेल्या पत्र्यासारखा. पुढे कॉलेजात त्याला कारण कळलं. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री ओढून घेतं. पाणी कोमट, हवा स्तब्ध, वर ढगाळ दिवस, की पहाटेपर्यंत माशांना श्वास उरत नाही. इतकं साधं होतं ते. कुठल्याही पुस्तकात सापडलं असतं.

पण जत्रा तोंडावर होती आणि गावाला पुस्तकातलं कारण नको होतं. विठ्ठलाने तळीत काहीतरी घातलं, चुना जास्त पडला, नाहीतर शेतावरचं औषध घातलं, अशी बोलणी सुरू झाली. मग देवाला कौल लावायचं ठरलं. पेडण्यात कोणाला हे सांगावं लागत नाही: देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी आधी पडली तर देव होय म्हणाला, डावी पडली तर नाही. पाकळ्या लावायचा मान गोकुळदासांच्या घराचा. देवेश खांबाला टेकून उभा होता, त्याची उंची इतरांच्या कोपराएवढी, त्यामुळे त्याला इतरांना न दिसणारं दिसलं. उजवीकडची पाकळी लावताना गोकुळदासांनी अंगठा तिच्यावर दाबून धरला, पाणी पिळून काढल्यासारखा, आणि मग अंगठा हलकेच गोल फिरवून उचलला. डावीला नुसतं बोट लावून सोडून दिलं, पाण्याचा थेंब तसाच खाली लोंबत ठेवून. "विठ्ठलाच्या हातसून चूक जावंक नसात तर उजवी दी, म्हाराजा," ते मोठ्याने म्हणाले. सभामंडपात उकाडा होता. डावी पाकळी आधी जराशी घसरली, थांबली, आणि पडली.

आपण जे पाहिलं त्याचा अर्थ त्याला तेव्हा कळला नव्हता. कळला तो म्हापशाच्या कॉलेजात, सूक्ष्मदर्शकाच्या प्रॅक्टिकलला. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यावर पातळ कव्हरस्लिप. थेंब मोठा पडला तर स्लिप पोहते, बोटाने दाबून जादा पाणी टिपून घेतलं तर ती अशी बसते की काच उभी केली तरी हलत नाही. त्याने काच उभी केली. बाजूची मुलं कांद्याची साल सोलत होती. तो काचेकडे बघत राहिला आणि त्याला तो अंगठा दिसला, गोल फिरून उचलला जाणारा. सरांनी विचारलं, "काय रे, पेशी दिसल्या का?" त्याने होय म्हटलं.

त्याला राग ह्याचा नव्हता की बापाचा मान गेला. मान गावाने काढून घेतला, तळी दुसऱ्या घराकडे गेली, जत्रा थाटात झाली, हे सगळं सोसता आलं असतं. विठ्ठल घरी येऊन म्हणाला असता की गोकुळदास लबाड आहे, मी काही केलं नाही, तर त्या घरात राग राहिला असता आणि रागावर माणूस जगतो. पण विठ्ठलाने कौलावर विश्वास ठेवला. घरी येऊन त्याने आपले हात हुंगले. मग आईला विचारलं, "गे, त्या दिसा मी खयचो डबो व्हेल्लो?" आई म्हणाली, डबा कुठलाच नेला नव्हता, नुसती टोपली. "देवाक कळता तां माका कळना," तो म्हणाला. "काय तरी घडला आसतला माझ्या हातसून." त्यानंतर त्याने घरच्या विहिरीला हात लावला नाही. राजू, म्हणजे पाणी ओढायचा दोर, धरायचा नाही, कळशी उचलायची नाही. आईने पाणी काढावं, आईने भरावं, आणि त्याने ओंजळ पुढे करून वरून घालून घ्यावं, भांड्याला बोट न लावता. देवेशला वाटे, बाप बघता बघता आपल्याच घरात परका झाला. शेवटच्या आजारपणात ताप चढला की तो मासे मोजायचा. औषधाच्या गोळीबरोबरचा पाण्याचा पेला देवेशने पुढे केला तर हात मागे घ्यायचा आणि ओशाळा हसून म्हणायचा, "तू घाल रे पुता. माझो हात नाका." तो तसाच गेला. निर्दोष माणूस आपल्यावरचा आरोप खरा मानून गेला, आणि ज्याने तो खरा केला तो जास्वंदीला खत किती घालावं हे माळ्याला सांगत होता.

तरीसुद्धा गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत देवेशच्या मनात काही ठरलेलं नव्हतं. त्या महिन्यात एका सकाळी हॉटेलचा पहिला हंगाम उघडायचा होता. गोकुळदास नारळ, फुलं आणि चुरमुरे घेऊन आले. खोदलेल्या जागेला राखणदार असतो, आणि तो सगळ्यांत खोल जागेवर असतो, म्हणून नारळ काठावर ठेवून भागणार नाही, खोल भागाच्या वर मधोमध ठेवायला हवा, असं त्यांचं म्हणणं. योगेशबाब हसले, पण अडवलं नाही. विक्रेता चालला होता, मग ह्यांना काय झालं. गोकुळदास चपला काढून माडांकडच्या काठावरून कव्हरवर उतरले आणि हलक्या पावलांनी मध्यापर्यंत गेले. त्यांच्या प्रत्येक पावलाखाली कापड वाटीसारखं दबत होतं आणि पुन्हा वर येत होतं, खाली पाण्याचा डुचमळल्याचा बारीक आवाज होत होता. देवेशची नजर माडांकडच्या पट्ट्यांवर गेली. माणूस मध्ये असला की वजन चारी बाजूंना वाटलं जातं. काठाजवळ आला की ते तीन-चार पट्ट्यांवरच येतं. हा विचार त्याने केला नव्हता, तो त्याला दिसला, उदाहरणाचं उत्तर दिसावं तसा. त्यानंतरच्या सगळ्या हंगामात पर्यटकांची मुलं त्या पाण्यात डुंबत होती, तो क्लोरिन मोजत होता, आणि मनात ते उत्तर तसंच स्वच्छ बसून होतं.

पावसाळा लागल्यावर त्याने कव्हर घातलं. मग माडांकडच्या, खोल भागाच्या कडेचा एक सुटा धागा घेऊन काडीने पेटवून पाहिला. वितळून त्याचा तपकिरी मणी झाला. नायलॉन. कापडाचा लेप, पट्टे, काहीच टाइल्सचे डाग काढायच्या ॲसिडला जुमानणार नव्हतं. नायलॉनचा धागा तेवढा जुमानणार होता. रोजची कव्हरची साफसफाई संपली की तो कानातला मळ काढायच्या काडीला कापूस गुंडाळून त्या शिवणींवरून फिरवी. फार नाही. दुसऱ्या दिवशी धुऊन टाकी. बाहेरून काही दिसत नव्हतं, टाके जागच्या जागी होते, फक्त नखाने ओढलं तर ते पूर्वीसारखे कुरकुरत नव्हते. जितकं तो कव्हर निर्मळ ठेवी, तितकं त्याला हे काम वेगळं वाटेनासं झालं. शेवाळ काढणं आणि धागा मारणं एकाच हाताची, एकाच काळजीची गोष्ट झाली. कधी कधी पावसात पंप लावून उकिडवा बसला असताना त्याला वाटे, बाप तळीच्या पायरीवर असाच बसायचा. मग तो विचार तो लगेच पुसून टाकी, कारण त्याच्या पुढे काय येतं ते त्याला बघायचं नव्हतं.

आणि आता उद्या. तो संध्याकाळी घरी गेला, जेवला, आईने कालवणात कोकम जास्त झालं का विचारलं तर नाही म्हणाला. पडल्यावर त्याला मासे दिसले नाहीत, बापही दिसला नाही. बोटावरची फाटकी पाकळी दिसली, आणि झोप लागली.

सकाळी हवा स्वच्छ होती. कव्हरवरचं दव उन्हाने उडून गेलं होतं. योगेशबाब बँकेच्या कामाला पेडण्याला गेले होते, पल्लवी आत खोल्यांच्या चादरी बघत होती. गोकुळदास एकटेच आले, ह्या वर्षी जरा थकलेले, पण गंध तसंच उभं. देवेशने व्हरांड्यात दोन नारळ काढून ठेवले होते. "हा घ्या आबा, ह्यात पाणी जास्त आहे," तो म्हणाला. गोकुळदासांनी त्याने दाखवलेला नारळ हलवून खाली ठेवला आणि दुसरा घेतला. "दुसऱ्यान काढून दिलेली वस्त मी घेणंय नाय," ते म्हणाले. "बाजारात नुस्तेकान्न मासो दाखवन सांगता हो ताजो, की मी बाजूचो घेतंय. आजून फसूक नाय."

"कधीच नाही?"

"फसवतलो कोण? सगळे माझेच शिष्य." ते हसले. दात चांगले होते त्यांचे.

माडांकडे जायच्या ऐवजी ते समुद्राकडच्या काठाकडे वळले. तिकडे यंदा योगेशबाबांनी धरायला लोखंडी कठडा बसवला होता. गुडघे दुखतात, धरून उतरता येईल, असं ते स्वतःशीच पुटपुटले. देवेशला हे सुचलं नव्हतं. त्याच्या साऱ्या हिशेबात म्हातारा माडांकडूनच उतरत होता. गोकुळदास कठडा धरून कव्हरवर उतरले, दोन्ही हातांत नारळ आणि फुलांचं पान घेतलं आणि मध्यापर्यंत गेले. कापड दबत होतं, वर येत होतं. काही झालं नाही, आणि होणारही नव्हतं. देवेश माडांकडच्या काठावर उभा होता. हातातून काही निसटल्याची त्याची खात्री होत होती आणि त्याच वेळी अंगातून एक प्रकारची सुटका वाहत होती, ह्या दोन्हींचा त्याला सारखाच संताप आला.

गोकुळदासांनी खाली बसून नारळ ठेवला, फुलं वाहिली, गाऱ्हाणं घातलं. मग उदबत्ती लावायला खिसे चाचपले. "रे, काड्यांची पेटी थंयच रवली. हाड बघू जरा." आगपेटी देवेशच्या शर्टाच्या खिशातच होती. त्याने ती काढली आणि काठापर्यंत आला. समोर निळं कापड, पलीकडे म्हातारा, मध्ये आठ-दहा पावलं. त्याचा उजवा पाय उचलला आणि काठावरच टेकला.

"ये मरे."

"फेकतो. झेला."

"फेकतंस कित्याक? देवाच्या कामाची काडी फेकतत? चलान ये." देवेश हलला नाही. गोकुळदास त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर सावकाश खाली आली, देवेशच्या पायांवर, पायांपुढच्या पट्ट्यांवर, पट्ट्यांवरून पुन्हा वर. चाळीस वर्षं त्यांनी पाकळ्या लावल्या होत्या. आपण जे आधी ठरवलं आहे ते घडायची वाट बघत उभा राहिलेला माणूस कसा उभा राहतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. त्यांचा चेहरा, ज्यावर त्या पहिल्या दिवशी काहीच उमटलं नव्हतं, तो आता हळूहळू भरत गेला.

"खंयची?" त्यांनी शांतपणे विचारलं. "खंयची कड सैल केलंस तू?"

देवेशच्या कानांत समुद्र वाजत होता. आपण खोटं बोलणार, काही कळलं नाही असं दाखवणार, असं त्याला वाटलं. पण तोंडातून दुसरंच आलं. "आधी तुम्ही सांगा. पाकळी कोणती सैल लावली होती."

"कसली पाकळी?"

"तळीतले मासे मेले तेव्हाची."

गोकुळदास तिथेच, नारळाशेजारी, जपून उभे राहिले. पायाखालचं कापड हललं तसे त्यांनी दोन्ही हात जरा बाजूला केले, तराजूसारखे. "डावी," ते म्हणाले. आवाजात लाज नव्हती, चिडही नव्हती. "गाळ काढूक माणसां दिलंव नाय ती आमी. आमचां नाव इल्यार जत्रा मोडी. कोणाचां तरी एक नाव येवंक जाय होतां. तुझो बापूस गरीब, बोलचो नाय." मग ते म्हणाले, "तेना तां खरां मानल्यान, तां माका म्हायत नाय होतां. मागीर कळलां. मी सांगाक येवचो होतंय."

"का नाही आलात?"

"आता सांगतंय मां." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "तू सांग. खंयच्यान येवं?"

इतकी वर्षं हवा होता तो शब्द त्याला मिळाला होता. डावी. इतका लहान. बापाला तो ऐकवता आला असता तर त्याने विहिरीचा राजू पुन्हा हातात घेतला असता. देवेश आत शोधू लागला, कुठे काही हलकं झालं का, काही फिटलं का; आणि तिथे त्याला फक्त वरून ओंजळीत पाणी घालून घेणारा माणूस दिसला, ओशाळा हसणारा. म्हातारा त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्या बघण्यात काय होतं ते देवेशला नीट ओळखू आलं. व्हरांड्यात नारळ हलवून खाली ठेवताना होतं तेच.

"समुद्राकडून जा," तो म्हणाला. "आलात तसेच. इकडे येऊ नका, इकडची शिवण मेलेली आहे."

त्याने खरं सांगितलं. स्वच्छ, मोठ्याने, एकही शब्द वाकडा न करता. गोकुळदास हलले नाहीत. त्यांनी मागे वळून समुद्राकडचा लोखंडी कठडा पाहिला, मग माडांकडची कड पाहिली, मग पुन्हा देवेशचा चेहरा. तो वाचायचा प्रयत्न करत राहिले. मग त्यांच्या तोंडावर एक ओळखीचं, जवळजवळ मायेचं हसू आलं, शिष्याचा डाव गुरूच्या लक्षात आल्यावर यावं तसं.

"शाणो आसस," ते म्हणाले, आणि माडांकडे निघाले.

पहिलं पाऊल पडलं तेव्हा देवेशला कळलं की बोलण्याआधीच त्याला हे ठाऊक होतं. म्हातारा विश्वास ठेवणार नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच ते वाक्य इतकं निर्मळ आलं होतं. अजून एक वाक्य शिल्लक होतं. थांबा, खरंच सांगतोय, बापाची शपथ, असं काहीतरी. ते त्याच्या घशाशी आलं होतं. त्याने बापाची शपथ घातली असती तर कदाचित त्या माणसाने ऐकलं असतं. दुसरं पाऊल पडलं. तिसरं. कापड दबलं आणि ह्या वेळी पूर्ण वर आलं नाही. देवेशने ते वाक्य गिळलं.

टाके तुटल्याचा आवाज फार बारीक होता, कोणीतरी कोपऱ्यात बसून कपडा उसवावा तसा. एक पट्टा गेला, मग शेजारचा, स्प्रिंग खुंटीवर आपटली. कव्हरची कड पाण्यात बुडू लागली आणि म्हाताऱ्याचे पाय तिच्याबरोबर उताराला लागले. त्यांनी हात पुढे केला नाही, हाक मारली नाही. ते देवेशकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती अजून पोचली नव्हती. तिथे नुसतं नवल होतं, की ह्या मुलाने आपल्याला खरं सांगितलं होतं.